मनुष्यबळ: स्वयंसेवी

वाचनालय हे समाजाचं हृदय असतं, असं आमचे अध्यक्ष दर वर्धापनदिनी सांगायचे. हृदयाला चार कप्पे असतात. आमच्या वाचनालयाला दोन खोल्या होत्या आणि त्यांतल्या एकीत सोसायटीच्या पाण्याचा पंप होता. संध्याकाळी साडेसहाला पंप सुरू झाला की वीस मिनिटं दुसऱ्या खोलीत कोणाचं काही ऐकू यायचं नाही. 'शांतता राखा' अशी पाटी आम्ही म्हणूनच कधी लावली नाही. पंपाला वाचता येत नव्हतं.

हे वारज्यात. तेव्हा महामार्गाच्या एका अंगाला ज्वारी असायची आणि दुसऱ्या अंगाला विक्रीसाठी तयार असलेले फ्लॅट. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. त्याच सुमारास देशाने आपलं अर्थशास्त्र बदलल्यामुळे माझ्या निम्म्या नोट्स इतिहासात जमा झाल्या होत्या. इंग्रजी बरं लिहितो, एवढ्या पात्रतेवर मला वाचनालयाचं चिटणीस केलं होतं. अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता होते. त्यांनी आयुष्यात एक धरण बांधलं होतं आणि उरलेल्या आयुष्यात ते त्याबद्दल बोलत होते. प्रत्यक्ष वाचनालय चालवायच्या त्या बाई.

बाई वर्ध्याकडच्या. नवऱ्याला भोसरीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून लग्नानंतर इकडे आल्या, आणि वीस वर्षं पुण्याच्या मराठीत राहूनही त्यांनी आपलं 'करून राहिले' सोडलं नव्हतं. वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या घरी पुस्तकांना देवघराचा कोनाडा मिळाला होता, कारण देवघर नव्हतंच. हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं होतं, घरात कपाट कुठे होतं ते सांगावं तसं.

त्यांची पद्धत मी नंतर कुठेही पाहिली नाही. एरवी वाचनालयात पुस्तकाचं कार्ड असतं. बाईंकडे माणसाचं कार्ड होतं. पुढच्या बाजूला नेलेल्या पुस्तकांची यादी, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने शेरा. नवी पुस्तकं आली की त्या आधी ती स्वतः वाचायच्या, मग कार्डं चाळायच्या आणि पुस्तकात वाचकाच्या क्रमांकाची चिठ्ठी घालून ते टेबलाखालच्या फळीवर ठेवायच्या. तुम्ही दारात दिसलात की हात खाली जायचा. "हे तुमच्यासाठी ठेवलं होतं." तुम्ही आपल्या मनाने एखादं पुस्तक उचललंत तर कधी देऊन टाकायच्या, कधी म्हणायच्या, "हे नका नेऊ. आत्ता नाही झेपणार तुम्हाला. दिवाळीनंतर या." माणूस चिडायचा, आणि दिवाळीनंतर यायचा.

एक रिक्षावाले होते. बायको गेल्यापासून ते नुसत्या रहस्यकथा नेत. बाईंनी त्यांना वर्षभर रहस्यकथाच दिल्या. मग एकदा न बोलता एक प्रवासवर्णन दिलं. ते त्यांनी चार दिवसांत परत आणलं आणि विचारलं, "याच्यातलं पुढचं हाय का?" मी तिथेच होतो. बाईंनी फक्त कार्ड काढून मागचा शेरा खोडला.

हे सगळं चालायचं सरकारी अनुदानावर. अनुदानातून वर्तमानपत्रं, थोडी पुस्तकं आणि बाईंचं मानधन निघायचं. मानधन या शब्दात मान किती आणि धन किती, हे घेणाऱ्यालाच माहीत असतं. एका वर्षी तपासणी झाली आणि हजेरीपट भरला नाही असं निघालं. लोक येत, पेपर वाचत आणि सही न करता जात. तपासणीला आलेल्या साहेबांबरोबरच्या कारकुनाने मला बाजूला घेतलं आणि मायेने म्हणाला, "सर, चार वेगवेगळी पेनं घ्या आणि एक रविवार बसा. सगळे बसतात."

मी बाईंना हे विनोद म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "खोट्या माणसांच्या सह्या कशा करता येतील? मग त्यांच्यासाठी पुस्तकं पण काढून ठेवावी लागतील ना."

सरकारी यादीत वाचनालयाचा वर्ग खाली उतरला, अनुदान अडकलं. बाईंचं मानधन थांबलं. नेमकी तेव्हाच त्यांच्या मिस्टरांच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. स्वेच्छा कारखान्याची होती आणि निवृत्ती कामगारांची. सात महिने बाई बिनपैशांच्या येत राहिल्या. आठव्या महिन्यात एका संध्याकाळी कपाटाला कुलूप लावताना म्हणाल्या, "सर, मार्चपर्यंत पाहते. मग मला कुठंतरी लागावंच लागेल." आणि छत्री घेऊन गेल्या. मार्चला पाच महिने होते.

त्या पाच महिन्यांत मी देणगी मागणं ही कला शिकलो. शहरातल्या एका जुन्या धर्मादाय न्यासाकडे गेलो. ते फक्त ग्रामीण वाचनालयांना मदत करत. वारजे नुकतंच महापालिकेत आल्यामुळे आम्ही ग्रामीण नव्हतो. दुसऱ्या न्यासाकडे गेलो. ते शहरातल्या वाचनालयांना मदत करत, आणि त्यांच्या नकाशात शहर डेक्कनच्या पुढे थोडं जाऊन संपत होतं. नगरसेवकांनी प्रश्न समजून घेतला आणि आपलं नाव लिहिलेली सिमेंटची तीन बाकं दिली. एका सभासदाच्या अमेरिकेतल्या मुलाने दोन खोकी पाठवली. त्यात त्याच्या जुन्या संगणकांची माहितीपुस्तकं होती. बाईंनी तीही चाळली. "हे कोणाचं कार्ड पाहून देऊ?" एवढंच म्हणाल्या.

मग हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या आणि त्यांतल्या एका कंपनीने फाउंडेशन काढलं. आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका मुलाने बातमी आणली आणि अर्जाचा नमुनाही. अठरा पानांचा, इंग्रजीत. उद्दिष्टं, अपेक्षित परिणाम, परिणामांचे परिणाम.

एका रविवारी दुपारी तो भरायला अध्यक्ष, बाई आणि मी असे तिघे बसलो. 'तुमच्या कामातलं वेगळेपण' या रकान्यासाठी मला बाईंची कार्डं हवी होती. चाळता चाळता माझंच कार्ड हाती आलं. मागे लिहिलं होतं: साठाव्या पानाला सोडतात. विचारलं तर 'उत्तम' म्हणतात. पातळ पुस्तकं द्यावीत.

मी ते परत ठेवलं. दहा वर्षं मला पातळ पुस्तकं का मिळत होती ते कळलं. मी त्याला बाईंची अभिरुची समजत होतो.

चौदाव्या पानावर 'मनुष्यबळ' हा रकाना होता. कोण काम करणार, किती वेतन. मी पेन टेकवलं तशी बाईंनी विचारलं, "तिथं काय लिहून राहिले सर?"

"तुमचं मानधन. तीन वर्षांचं मागतो."

"नका लिहू."

"अहो, त्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"मला माहीत आहे. पण मीच कार्डं दाखवायची, मीच माहिती द्यायची आणि मीच पैसे मागायचे? लोक म्हणतील, बाईनं स्वतःची सोय लावली. दुसरं काही मागा. आलं तर त्यातून पाहता येईल."

अध्यक्षांना हे एकदम पटलं. "बरोबर आहे बाईंचं. पगार मागणं म्हणजे हात पसरणं. वस्तू मागावी. वस्तूवर नाव रंगवता येतं, देणाऱ्याला बरं वाटतं. आम्ही धरणाच्या वेळी…"

धरणाच्या वेळी काय झालं ते मी अनेकदा ऐकलं होतं. मी अर्थशास्त्राचा माणूस. श्रमाला मोल असतं हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो. पण समोर बाई मान खाली घालून बसल्या होत्या, आणि आपल्याकडे अशा वेळी आग्रह करणं म्हणजे समोरच्याची गरज चव्हाट्यावर मांडणं असतं. हवं ते सोडून सगळं मागायचं, याला आम्ही सभ्यता म्हणत आलो. मी लिहिलं: मनुष्यबळ, स्वयंसेवी. मग पाच संगणक, टेबलं, खुर्च्या, नवी कपाटं मागितली. 'वेगळेपण' या रकान्यात मात्र मी सुटलो. बाईंच्या पेन्सिलीच्या शेऱ्यांना मी 'वाचककेंद्री ज्ञानवितरणाची स्वदेशी पद्धती' असं म्हटलं. आजही तो परिच्छेद आठवला की मान खाली जाते. इंग्रजीत तो आणखी वाईट होता.

महिन्याभरात फाउंडेशनची मुलगी पाहायला आली. चोवीस-पंचवीसची असेल, चांगली होती, मनापासून ऐकत होती. कार्डं पाहून ती हरखलीच. "सर, हे इतकं अमेझिंग आहे. हे सॉफ्टवेअरमध्ये घेतलं ना, तर दुसऱ्या लायब्रऱ्यांतही करता येईल. मॅडम, तुमचं सगळं नॉलेज सिस्टिममध्ये येईल."

मॅडम म्हटल्यावर बाईंनी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. मग विचारलं, "त्यात पेन्सिलीनं लिहिता येईल?"

"पेन्सिल कशाला?"

"माणूस बदलतो ना. खोडावं लागते."

"एडिट करता येतं, मॅडम."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि टेबलाखाली हात घालून तिला एक कथासंग्रह दिला. "तुमचं कार्ड नाही माझ्याकडे. पण हे घेऊन जा. येता-जाता बसमध्ये वाचाल." ती कंपनीच्या गाडीने आली होती. पुस्तक तिने घेतलं, आणि पुढच्या खेपेला वाचून परत आणलं, हे नमूद करायला हवं.

अर्ज मंजूर झाला. मागितलं ते सगळं मिळालं. इतकं सगळं मागून इतकं सगळं मिळाल्याचं माझ्या आयुष्यातलं हे एकमेव उदाहरण. मी त्याच दिवशी सार्वजनिक फोनवरून त्या मुलीला विचारलं, दोन संगणक कमी करून ती रक्कम ग्रंथपालाच्या मानधनाकडे वळवता येईल का.

"सर, तुम्हीच व्हॉलंटरी लिहिलंय. बोर्ड त्यावरच तर खूश झालं. पगाराचा खर्च शून्य. आता मी कसं सांगू?"

मागे रांगेत उभा असलेला माणूस खाकरला. मी फोन ठेवला.

फेब्रुवारीत उद्घाटन झालं. मांडव, समई, शाल, श्रीफळ. पाहुणे फाउंडेशनचे कोणी मोठे होते. जग आता एक खेडं झालं आहे असं ते म्हणाले. महापालिकेत जाऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्या गावाला हे ऐकून जरा वाईट वाटलं असावं. अध्यक्षांनी आभार मानताना बाईंना उभं केलं. "आणि या आमच्या भगिनी, ज्या एक पैसाही न घेता, निव्वळ वाचनाच्या ओढीने…" टाळ्या पडल्या. बाईंचे मिस्टर मागच्या रांगेत स्कूटरची किल्ली बोटात फिरवत बसले होते. किल्ली थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, भाव विचारावा आणि दुकानदार दुसरीकडे पाहू लागावा, तसं. बाई टाळ्या थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. पुष्पगुच्छ घेतला आणि चहाचं पाहायला आत गेल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी आत गेलो. म्हटलं, "बाई, आपण सोसायट्यांतून वर्गणी काढू. महिन्याला थोडे थोडे…"

"वर्गणी गणपतीची काढतात सर. मी काय गणपती आहे?"

"मग मी वैयक्तिक…"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात कपबशी दिली. त्या 'नाही'पुढे माझी बोलायची हिंमत झाली नाही. ती मी करायला हवी होती. चौदाव्या पानावरही करायला हवी होती.

बाई एकतीस मार्चपर्यंत आल्या. शेवटचा पूर्ण महिना त्यांनी कार्डांवरचे शेरे पुन्हा स्वच्छ लिहून काढण्यात घालवला, संगणकात भरणाऱ्याला वाचता यावेत म्हणून. भरणारा मुलगा कंपनीने पाठवला होता. शेऱ्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये चाळीस अक्षरांची जागा होती. रिक्षावाल्यांच्या शेऱ्यातली पहिली चाळीस अक्षरं तेवढी उतरली. त्यांत त्यांची बायको जिवंत होती.

नंतर वाचनालय सुरू राहिलं, म्हणजे उघडत राहिलं. पाळीपाळीने आम्ही बसायचो. संगणकावर वाचकाचा क्रमांक टाकला की पुस्तकांची यादी यायची. लोक यादी पाहायचे, मान डोलवायचे आणि काहीतरी घेऊन जायचे. टेबलाखालच्या फळीकडे पाहायची सवय मात्र कोणाची सुटली नाही. तिथे आता वायरी होत्या. मग लोक आठवड्याऐवजी महिन्याने यायला लागले, आणि मग आम्हीही.

बाई कर्वेनगरला एका दंतवैद्याकडे बसतात असं कळलं. महिनाभर मी त्या रस्त्याने जायचं टाळलं आणि मग एक दिवस आत गेलो. त्या टेबलामागे होत्या. समोर रुग्णांची कार्डं.

"सर! दाढ का?"

"हो."

"कोणती?"

हे मी ठरवलं नव्हतं. "डावी."

"वरची की खालची?"

"खालची."

त्यांनी लिहून घेतलं. पेनाने. मग विचारलं, "काय वाचून राहिले सध्या?"

मी एका जाडजूड कादंबरीचं नाव सांगितलं.

"साठ पानं झाली?"

"छप्पन्न."

त्या हसल्या. इतकी वर्षं त्यांचं हसणं मी बहुधा पंपाच्या आवाजातच पाहिलं असावं, कारण ते ऐकल्याचं आठवत नव्हतं. अर्जाबद्दल मला काहीतरी बोलायचं होतं. तीन वाक्यं तयार करून नेली होती. पण आतून हाक आली. डॉक्टरांनी डावीकडची खालची दाढ तपासली आणि तिला खरोखरच कीड निघाली. तीन बैठकांत काम झालं आणि तिन्ही वेळा बोलायचं राहिलं. चौथ्यांदा मी दाढेचं काही कारण नसताना गेलो, तर टेबलामागे दुसरी मुलगी होती. मिस्टरांनी स्वेच्छानिवृत्तीचे मिळालेले पैसे घालून भावाबरोबर वर्ध्याला हार्डवेअरचं दुकान काढलं होतं. सगळे तिकडे गेले. पत्ता तिला माहीत नव्हता. "तुमची पुढची अपॉइंटमेंट कधीची होती?" तिने विचारलं. मी म्हणालो, दिवाळीनंतरची.

आता पुस्तकं घरबसल्या येतात. खोकं उघडायच्या आधी पडद्यावर आणखी दहा पुस्तकं सुचवलेली असतात, आणि सुचवणाऱ्याला माझ्याबद्दल बरंच माहीत असतं. पण 'हे नका नेऊ' असं त्याने आजवर एकदाही सांगितलेलं नाही. मी साठाव्या पानाला थांबतो तेव्हा कोणी विचारत नाही, त्यामुळे 'उत्तम' असं खोटंही बोलावं लागत नाही. वारज्यात आता ज्वारी नाही. कधी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास कुठल्यातरी सोसायटीचा पंप सुरू होतो आणि मी रस्त्यात उगाचच थांबतो, आवाज बंद होईपर्यंत.

बाईंनी वाचनालय सोडल्यावर दोन वर्षांनी फाउंडेशनचा मूल्यमापनाचा नमुना भरायला आला. या वेळी मी अध्यक्षांना न विचारता सोबत एक पान जोडलं. त्यात एकही मोठा शब्द नव्हता. लिहिलं, की इथे एक बाई होत्या. वाचनालय म्हणजे त्या होत्या. त्यांच्या मानधनासाठीच हा अर्ज होता, आणि ते मागायची लाज वाटल्याने आम्ही संगणक मागितले. त्या गेल्या, वाचक गेले. चूक तुमची नाही. रकाना तुम्ही दिला होता, तो आम्ही खोटा भरला. आयुष्यात मी लिहिलेलं ते बहुधा सगळ्यात खरं पान असेल. ते पाठवून मी उत्तराची वाट पाहत राहिलो. वाटलं, कोणीतरी वाचेल, फोन करेल, निदान रागावेल.

अहवाल आला. माझं पान परिशिष्ट म्हणून शेवटी जोडलं होतं. पाचही संगणक उत्तम स्थितीत असल्याची नोंद होती, अगदी नव्यासारखे. आम्हाला दहापैकी नऊ गुण मिळाले. एक गुण कापला होता, कारण तपासणीला माणसं पहिल्यांदा आली तेव्हा वाचनालयाला कुलूप होतं.